घसरलेली मात्रा

अंधेरी (पूर्व), ६ जुलै २०२५

चि. रेवती,

आशीर्वाद. मोठ्याने द्यायची सोय उरलेली नाही, म्हणून लिहून देतो आहे.

कुंदाने तुला फोनवर सांगितलंच असेल, माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. तपासताना डॉक्टरांनी विचारलं, "काका, गाता का?" मी म्हटलं, "नाही हो, कारखाना चालवतो." आयुष्यभर रबर दाबणाऱ्या प्रेसच्या खडखडाटावर आवाज चढवला, त्याचं हे बक्षीस. आता काही आठवडे पूर्ण मौन आहे. मोबाईलवर बोटं चालवायला लागलो की दोन ओळींत राग येतो. म्हणून हाताने लिहितो, कुंदा फोटो काढते आणि तुला नैरोबीला पाठवते. तुझी काकू पोस्टमन झाली आहे.

लिहिण्याचं खरं कारण वेगळंच आहे. आपल्या शेजारच्या गाळ्यातला सहदेव परब, तोच, जो आपल्यासारख्याच कुकरच्या रबरी रिंगा करतो, त्याने आपला गाळा विकत मागितला आहे. दिवाळीपर्यंत उत्तर द्या म्हणतो. पन्नास वर्षांपूर्वी भाऊरावांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, या औद्योगिक वसाहतीत आजीच्या नावाने 'वसुधा रबर' उभं केलं. त्या नावाचा पत्रा उतरवून तिथे सहदेवची पाटी लागणार, या विचाराने घास उतरत नाही. तसा तो सध्या ऑपरेशनमुळेही उतरत नाही.

पण करू काय? आमचा निहार कांदिवलीला त्याच्या बँकेत सुखी आहे, त्याला रबराचा वास सहन होत नाही. घरचं दुसरं कोण आहे? आणि माझ्या आवाजाशिवाय तिथे पान हलत नाही. ऑपरेशनच्या दिवशी साच्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या घड्याळाबरोबर हॉस्पिटलच्या पिशवीत राहिली, तर दिवसभर प्रेस बंद. बघ म्हणजे.

तू तिकडे कंपन्यांचाच अभ्यास करतेस ना? मग मला एवढं सांग. सहदेवने आणि मी एकाच वर्षी, एकाच माणसाकडून, एकसारख्या प्रेस घेतल्या. त्याचा कारखाना पळतो आणि माझा रांगतो, हे का?

— काका

⁂

नैरोबी, ११ जुलै

प्रिय काका,

पत्र दोनदा वाचलं, आणि तरी मला वाटत राहिलं की डॉक्टरांनी तुमचा गाळा कापला आणि परबकाकांनी तुमचा गळा विकत मागितला. अहो, काना कुठे द्यायचा ते ठरवा ना एकदा! काकूला फोन केला तेव्हा उलगडा झाला.

हसून झाल्यावर मात्र वाईट वाटलं. तुमचा आवाज म्हणजे माझं लहानपण. मे महिन्याच्या सुट्टीत गाळ्यावर यायचे तेव्हा रिक्षातून उतरायच्या आधी तुमचा आवाज यायचा. तो नाही, ही कल्पनाच करवत नाही. गुपचूप बसा आणि बरे व्हा.

तुम्ही विचारलंत तोच प्रश्न घेऊन मी इथे तीन वर्षं फिरते आहे. उभरत्या अर्थव्यवस्थांमध्ये कंपन्या मागे का पडतात, याची पुस्तकातली उत्तरं मला पाठ आहेत: भांडवल नाही, रस्ते नाहीत, वीज जाते, कर्ज महाग. सगळं खरं आहे. पण काका, एकाच गल्लीत, एकाच ट्रान्सफॉर्मरवर बसलेल्या दोन कंपन्यांचं काय? वीज दोघांचीही जाते. मग एक दुसरीच्या दुप्पट माल कसा काढते? इथल्या औद्योगिक भागात अशा जोड्या मी रोज बघते, आणि दर वेळी मला तुमचा आणि परबकाकांचा गाळा आठवतो.

आमच्या प्रश्नावलीतले दोनच प्रश्न तुम्हाला विचारते. तुमची कंपनी किती चांगली चालवली जाते, दहापैकी गुण द्या. आणि तुम्ही तिथे नसाल तेव्हा तिथे कोण काय ठरवू शकतं?

तुमची,
रेवती

⁂

अंधेरी, २० जुलै

चि. रेवती,

उभरती अर्थव्यवस्था म्हणे! मी जन्मल्यापासून ती उभरतेच आहे. एकदाची उभी राहिली की मला कळव.

गुण: नऊ. एक गुण नम्रतेचा कापला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे, मी तिथे नसतो असं होतच नाही. मौन आहे म्हणून मी घरी बसलो असं वाटलं की काय तुला? रोज जातो. खिशात कागदाचे कपटे ठेवतो आणि चिठ्ठ्या लिहितो. पहिले दोन दिवस फार मानहानी वाटली. माणसं माझ्याकडे न बघता काम करत होती, कारण आधी आवाज आल्यावरच बघायची त्यांना सवय. आता सुपरवायझर जान्हवी सगळ्यांचे प्रश्न गोळा करून आणते आणि मी एकेकावर लिहून देतो.

जान्हवी तुला आठवत असेल, बोरिवलीची, डिप्लोमा केलेली. वडील गिरणीत होते, मूळचे कणकवलीकडचे. पोरगी हुशार आहे पण तिला प्रश्न फार. सर, साचे कपाटाबाहेर ठेवू का? सर, खराब रिंगा सगळ्या एकाच पोत्यात का टाकतो? सर, प्रेस गरम असतानाच पुढचा साचा तयार ठेवला तर? मी सगळ्याला एकच उत्तर देत आलो: "बघतो." आता तेच लिहून देतो. काही गोष्टींना मालकाने स्वतः लक्ष घालावं लागतं. घालायला वेळ होत नाही, तो भाग वेगळा.

सहदेवचं म्हणशील तर माझे काही अंदाज आहेत. त्याच्या गाळ्याचं तोंड पूर्वेला आहे. त्याचं नशीब जोरावर आहे. आणि कुठेतरी वशिला असणार. कारण रेवती, हा माणूस कामच करत नाही! दारात खुर्ची टाकून बसतो. येणाऱ्याजाणाऱ्याशी गावच्या गप्पा मारतो. संध्याकाळी वर्सोव्याला मासळी घ्यायला जातो, तीही वेळेवर. मी सकाळपासून रात्रीपर्यंत घसा फोडतो आणि त्याचा टेम्पो माझ्यासमोरून भरून जातो. हे तुझ्या कुठल्या पुस्तकात बसतं?

एक काळजी आहे. आपलं जुनं गिऱ्हाईक, मुलुंडची कुकर कंपनी, तिने पुन्हा माल परत पाठवला. रिंगांत बुडबुडे. गणपतीनंतर त्यांचा माणूस तपासणीला येणार आहे. तेव्हाही असंच निघालं तर काम सहदेवला जाईल. मग विकायचं की नाही हा प्रश्नच उरणार नाही.

— काका

⁂

नैरोबी, २६ जुलै

प्रिय काका,

तुम्हाला राग येईल, पण सांगते. मी आजवर ज्या ज्या मालकांना गुण विचारले त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांनी स्वतःला आठ किंवा नऊच दिले. ज्यांच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती त्यांनीसुद्धा. तेव्हा तुमच्या नऊ गुणांचं मी काहीच करू शकत नाही.

पूर्वेचं तोंड आमच्या प्रश्नावलीत नाही, पण सुचवून बघते.

एक काम कराल? परबकाकांना विचारा ना, ते दारात का बसतात. विचारायला आवाज लागत नाही, चिठ्ठी पुरेल. आणि अक्षर जरा नीट काढा, नाहीतर ते गळ्यावर बोली लावतील.

सुपरवायझर लोकांसाठी आमचा वेगळा फॉर्म आहे. जान्हवीला पाठवला तर चालेल ना? नाही म्हणायचं असेल तर लवकर कळवा.

रेवती

⁂

अंधेरी, १० ऑगस्ट

रेवती,

वाट लागली आहे. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

शुक्रवारी गळा दाखवायला गेलो होतो, म्हणून गाळ्यावर गेलो नाही. शनिवारी गेलो तर साच्यांच्या कपाटाचं दार सताड उघडं. कुलूपवाला बोलावून कुलूप काढलेलं. भाऊरावांच्या काळापासून जे साचे कुलपात असायचे ते सगळे प्रेसच्या शेजारी उघड्या रॅकवर, वर खडूने नंबर घातलेले, भाजीवाल्याने टोमॅटो मांडावेत तसे! एक साचा बाहेर गेला, कुणी नक्कल केली, तर संपलो आपण. म्हणूनच ती किल्ली मी कुणाला दिली नाही. निहारलाही नाही.

मी ओरडलो. सगळं विसरून, होता तेवढा जीव एकवटून ओरडलो. दोन शब्द निघाले आणि तिसऱ्याला घशात काहीतरी फाटल्यासारखं झालं. मग नुसती हवा. सगळे उभे राहिले. मला पाणी द्यायला जान्हवीच धावली, आणि त्यातही तिने मला एक चिठ्ठी दाखवली. म्हणाली, "सर, मी मनाने नाही केलं. तुम्हीच लिहिलं होतं ना."

चिठ्ठी माझीच. वरती तिने लिहिलेलं, 'साचे बाहेर रॅकवर ठेवू का?' खाली माझं उत्तर. मी लिहिलं होतं 'बघतो'. म्हणजे मला तेच लिहायचं होतं. पण घाईत काना पुसट झाला, वरची मात्रा घसरून खाली उतरली, आणि डोळे मिटून जरी वाचलं तरी तिथे दिसतं, 'बघ तू'.

आणि हे एकदाच झालेलं नाही. पोत्याबद्दल 'बघ तू'. गरम प्रेसबद्दल 'बघ तू'. महिनाभर मी त्या पोरीला माझा कारखाना कपट्याकपट्याने देत होतो आणि मला पत्ता नाही.

डॉक्टर तर माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. आता दसऱ्यापर्यंत हूं की चूं करायचं नाही, नाहीतर आवाज कायमचा जाईल म्हणाले.

मी ठरवलंय. सोमवारी जान्हवीला हिशेब देऊन मोकळी करतो आणि सहदेवला गाळा देऊन टाकतो. ज्या घरात मालकाचं अक्षर वाचता येत नाही तिथे मालकाने राहू नये.

— विद्याधर

⁂

नैरोबी, ११ ऑगस्ट

काका,

सोमवार उलटायच्या आत पत्र मिळावं म्हणून काकूला सांगितलंय की पाहिजे तर चहाच्या कपाखाली ठेव, पण वाचायला लाव.

तुमचा घसा फाटला हे वाचून मला रडू आलं. पहिल्यांदा ते सांगते. पुन्हा असं करू नका, हात जोडते.

आता भांडते. जान्हवीला काढायच्या आधी एक गोष्ट कराल? रिंगांकडे बघा. तिच्या चुकीकडे नको, रिंगांकडे. ती पोत्याचं विचारत होती ना? मग तिने पोत्याचं काय केलं हे तुम्ही लिहिलंच नाहीत. तुम्ही फक्त कुलपाबद्दल लिहिलंत.

आणि साचे चोरीला जातील हे भय मला कळतं. इथल्या मालकांनाही तेच भय असतं. घरच्या माणसावाचून कुणाच्या हाती काही द्यायचं नाही, आणि घरची माणसं संपली की कंपनी तिथेच थांबते. मोठी होतच नाही. भाऊ किती, मुलगे किती, त्यावर कंपनीची उंची ठरते. त्यात त्यांची चूक नसते हो. फसवणूक झाली तर कोर्टात जन्म जाईल हे त्यांना माहीत असतं. पण काका, जान्हवी तुमच्याकडे सात वर्षं आहे. तेवढ्या वर्षांत निहार गाळ्यावर किती वेळा आला?

लागलं असेल तर माफ करा. मी काही वेगळी नाही. माझ्या हाताखाली वंजिरू नावाची मुलगी आहे, सर्वेक्षणातलं माझ्याइतकंच तिला कळतं. ती काही विचारायला आली की मी म्हणते, "बघते." तुमचं पत्र वाचेपर्यंत माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. आपल्या घराण्यातच आहे बहुतेक.

रेवती

⁂

बोरिवली, २० ऑगस्ट

रेवतीताई, नमस्कार.

तुमचा सुपरवायझरचा फॉर्म भरून पाठवलाय. पण त्यात 'निर्णय कोण घेतं' याच्यापुढे 'मालक' आणि 'सुपरवायझर' असे दोनच रकाने आहेत. मला तिसरा पाहिजे होता. म्हणून हे लिहिते. प्लीज सरांना सांगू नका.

सरांनी मला काढलं नाही. सोमवारी कॅबिनमध्ये बोलावलं, मी म्हटलं गेली नोकरी.  सर उठले आणि सरळ माझ्या बादल्यांपाशी जाऊन उभे राहिले. मी खराब रिंगा पोत्यात न टाकता वेगवेगळ्या बादल्यांत टाकायला लावल्यात. बुडबुडेवाल्या एकीत, कडेला फाटलेल्या दुसरीत, कच्च्या राहिलेल्या तिसरीत. त्यामुळे कळलं ना, की बुडबुडे फक्त दुपारनंतर येतात आणि फक्त एका प्रेसवर. दुपारी तिथे साचा बदलतात, आणि नवा कपाटातून येईपर्यंत ती प्रेस थंड व्हायची. आता साचा जवळ असतो, बुडबुड्यांची बादली जवळजवळ रिकामी. सरांनी त्या बादलीत हात घालून बघितलं. मग चिठ्ठी लिहिली, 'चहा घेतलास का?' बस्स. एवढंच.

आता खरं सांगते. ताई, मी सात वर्षं सरांचं अक्षर वाचते. डिलिव्हरी चलनं, साच्यांची मापं, सगळं. अख्ख्या कारखान्यात त्यांचं अक्षर फक्त मलाच लागतं, बाकीचे मला विचारायला येतात. ते 'बघतो'च होतं. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

पण मात्रा खरंच घसरली होती ना! मी म्हटलं, कागदावर जे दिसतं तेच वाचायचं. मला शेजारच्या परबांनी दोनदा बोलावलंय, पगारही बरा देतायत. मी गेले नाही. इथे कामाचा कंटाळा आला नाही कधी, वाट बघायचा आला. सर माणूस म्हणून सोन्यासारखे आहेत. बाबांच्या आजारपणात रोज हॉस्पिटलला यायचे, आणि तिथेही ओरडायचे. पण ते 'बघतो' म्हणाले की आतून काहीतरी विझतं यार.

मी खोटं वागले का? सर ओरडले आणि त्यांचा घसा गेला तेव्हापासून झोप लागत नाही नीट. तुम्ही मोठ्या आहात म्हणून विचारते.

जान्हवी

⁂

अंधेरी, १४ सप्टेंबर

चि. रेवती,

बरेच दिवस लिहिलं नाही. गणपती होते हे कारण खरं, पण पुरतं खरं नाही. काय लिहावं ते कळत नव्हतं.

जान्हवीला ठेवली. तू म्हणालीस म्हणून रिंगा बघायला गेलो आणि बादल्या बघून परत आलो. माझ्या जन्मात मी कधी खराब रिंगांकडे बघितलं नाही गं. खराब निघाली की ओरडायचं आणि पोत्यात टाकायची, हीच रीत. त्या बोलत असतात हे तिला सुचलं.

आता एक गंमत सांगतो, कुणाला बोलू नकोस. मी चुकीची दुरुस्ती केलीच नाही. 'बघ तू' वाचलंस ते चूक, असं तिला सांगितलं नाही, आणि 'बघ तू' असं स्वच्छ लिहिलंही नाही. मी मात्रा अशी मधोमध सोडतो की वाचणाऱ्याची मर्जी! चांगलं झालं तर मी 'बघ तू' म्हटलेलं, बिघडलं तर 'बघतो'. ती बिचारी दर वेळी 'बघ तू' वाचते. तिला काही कळत नाही.

मुलुंडच्या कुकर कंपनीचा माणूस मंगळवारी येऊन गेला. मी कॅबिनमध्ये मुका बसलेला. जान्हवीने त्याला सगळं फिरवून दाखवलं, रॅक, बादल्या, फळ्यावर रोजच्या खराब मालाचं कारण. त्याने काचेआडून माझ्याकडे बघत तिला विचारलं, "हे साहेबांनी बसवलं का सगळं?" ती म्हणाली, "सरांनी लिहून दिलं तसं केलं." काम आपल्याकडेच राहिलं. उलट वाढवून देतील म्हणाला.

तो गेल्यावर सगळे हसत होते आणि मी कॅबिनचं दार लावून रडलो. कुंदाला सांगू नकोस. हे पत्र फोटो काढून तीच पाठवणार, म्हणजे वाचेलच. असो. आनंदाने रडलो असं लिहायला आवडलं असतं, पण तसं नव्हतं. मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्या आवाजावर ते चालतं, म्हणून घसा पणाला लावला, मुलाच्या शाळेत कधी गेलो नाही, कुंदाला घेऊन कुठे फिरलो नाही. आणि आवाज बंद झाल्यावर ते बरं चाललं. दुखतं गं.

त्याच तिरमिरीत उठलो आणि सहदेवच्या दारात जाऊन उभा राहिलो. चिठ्ठी दिली: 'तू दारात का बसतोस?' त्याने ती लांब धरून वाचली, हसला, आतून माझ्यासाठी खुर्ची मागवली. आपल्या मालवणीत म्हणाला, "विद्याधर, माका काय येता? ज्येका येता तेका करूक दितंय. आत गेलंय तर सगळे काम सोडून माझ्या तोंडाकडे बघतत, म्हणान भायर बसतंय."

मग तो म्हणाला की गाळा त्याला हवा आहे, पण जान्हवी त्याहून जास्त हवी आहे. गाळा घेतला की ती आपोआप येईल असा त्याचा हिशेब. उघडपणे सांगितलं, लपवाछपवी नाही. माणूस वाईट नाही. मी त्याच्याजवळ तासभर बसलो. एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी, दारात वारा चांगला येतो.

विकायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. कारखाना चालतोय, मग विकू का, हा एक प्रश्न. आणि माझ्याशिवाय चालतोय, मग मी तिथे कोण, हा दुसरा.

— काका

⁂

नैरोबी, २१ सप्टेंबर

प्रिय काका,

तुमचं पत्र मी वंजिरूला भाषांतर करून वाचून दाखवलं. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "तुमच्या काकांना सांगा, आमच्याकडेही असे घसे खूप आहेत." त्या दिवशी मी तिला सांगितलं, पुढच्या महिन्याचं सर्वेक्षण तू ठरव, मला विचारू नकोस.  ती लगेच कामाला लागली.

दुखणारच, काका. जिथे जीव लावला तिथेच दुखतं. पण एक बघा. भाऊरावांनंतर तो गाळा टिकला तो तुमच्यामुळेच. जान्हवीने जे केलं ते करायला एक कारखाना लागतो, आणि तो तुम्ही तिच्यासाठी राखून ठेवला होतात. नकळत का होईना.

मला एक गोष्ट माहीत आहे, ती मी तुम्हाला सांगणार नाही. फक्त एवढंच म्हणेन, की तुम्हाला वाटतं तितकं कुणी बिचारं नसतं.

आणि माझी खरी काळजी वेगळी आहे. आता दसरा येईल. तुमचा आवाज परत येईल. कागदावर मात्रा घसरते, काका. तोंडात घसरत नाही. तेव्हा तुम्ही काय म्हणाल? त्या एका शब्दावर ती राहते की जाते, आणि मला वाटतं कारखानाही.

रेवती

⁂

अंधेरी, ३ ऑक्टोबर

चि. रेवती,

दसऱ्याचं सोनं या पत्रातूनच घे.

सोमवारी डॉक्टरांनी गळा बघितला आणि म्हणाले, बोला, पण हळू. घरी येऊन मी पहिला शब्द 'कुंदा' म्हटला. आवाज अगदी बसका, ओळखू येत नाही असा. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "कोण आलंय?" मग तिला कळलं.  

परवा खंडेनवमीला गाळ्यावर यंत्रांची पूजा होती. प्रेसना झेंडूचे हार, बादल्यांनाही हार, रॅकवरच्या एकेका साच्याला हळदकुंकू. मी बोलणार हे सगळ्यांना कळलं होतं. तुझं पत्र माझ्या खिशात होतं. तुझ्या त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी तयार करून ठेवलं होतं, आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. तीनच तर अक्षरं आणि एक उकार.

आरती झाली. प्रसाद वाटला. जान्हवी समोर आली, सगळे आजूबाजूला. म्हणाली, "सर, मुलुंडवाल्यांना हॉटेलच्या मोठ्या कुकरच्या रिंगा पाहिजेत. नवा साचा करावा लागेल, दुसऱ्या पाळीला माणसं लागतील. मोठं काम आहे. कसं करायचं?"

मी तोंड उघडलं, आणि रेवती, आयुष्यभराची सवय गं. जिभेने मला विचारलंच नाही. त्या बसक्या आवाजात मी म्हणालो, "बघतो."

सगळे टाळ्या वाजवायला लागले, सर बोलले म्हणून. सगळ्यांना आनंद झाला. फक्त तिचा चेहरा मी बघत होतो. त्यावरचा उजेड गेला. ती नेहमीसारखं, अगदी नम्रपणे म्हणाली, "बरं सर," आणि वळली. इतकी वर्षं ती अशीच वळत असणार. मी कधी बघितलं नव्हतं, कारण तेव्हा माझं ओरडणं पुढच्या माणसाकडे गेलेलं असायचं.

मी तिला हाक मारणार होतो, पण जिभेवर आता भरवसा नव्हता. 

मग खिशातून कपटा काढला. सवयीने अजून ठेवतो. प्रेसच्या कडेला धरून लिहिलं. पहिलीत काढतात तसं, एकेक अक्षर. 'बघ' लिहिलं. मध्ये ऐसपैस जागा सोडली. मग 'तू', आणि त्याचा उकार एवढा मोठा आणि एवढा खाली काढला की पेन कागदाबाहेर गेलं. वर कुठेही मात्रा नाही. खाली सही केली आणि तारीख घातली, म्हणजे पुढे मला नाकारता येऊ नये.

कपटा आणि कपाटाची किल्ली, दोन्ही तिच्या हातात ठेवलं. कपाटाला कुलूप राहिलेलं नाही, किल्लीचा उपयोग काहीच नाही, पण माझ्याकडे द्यायला तेवढंच होतं. आणि सहदेवला आजच सांगून आलो, गाळा विकायचा नाही. तो म्हणाला, "तां माका म्हायत होतां," आणि खुर्ची पुढे केली. आता मी रोज दुपारी तासभर त्याच्या दारात बसणार आहे.

जान्हवीने तो कपटा वाचला. मग पुन्हा वाचला. मला वाटलं आता रडते की काय. तिने तो घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला, माझ्याकडे बघितलं, आणि हसू दाबत म्हणाली, "सर, अक्षर सुधारलं तुमचं."

— काका